परवाना मागणारे पत्रकार : नेपाळ वातावरण पत्रकार समूह आणि रेडिओ सगरमाथा

पत्रकारांच्या संघटना सहसा वेतन, अधिस्वीकृती, सेवाशर्ती आणि सहकाऱ्यांवरील हल्ल्यांचा निषेध अशा कामांसाठी ओळखल्या जातात. व्यवसायाच्या हितासाठी नव्हे, तर एखाद्या विषयासाठी पत्रकारांनी एकत्र येणे हा तुलनेने अलीकडचा प्रकार आहे आणि पर्यावरणाच्या क्षेत्रात तो १९८० च्या दशकात दक्षिण आशियात आकाराला आला. त्याच्यासोबत एक पेचही आला. कारखान्याच्या धुराविषयी बातमी देणाऱ्या वार्ताहराने तो कारखाना बंद व्हावा म्हणून संघटनेच्या फलकाखाली उभे राहावे का? उभा राहिला, तर उद्याच्या त्याच्या बातमीवर कारखानदाराने, सरकारने आणि मुख्य म्हणजे वाचकाने विश्वास का ठेवावा? आणि उभा राहिला नाही, तर ज्याला सर्वांत आधी कळते त्यानेच गप्प बसणे कितपत योग्य ठरते?

या प्रश्नाची चर्चा तत्त्वाच्या पातळीवर बरीच होते, पण एखाद्या संघटनेने प्रत्यक्षात काय केले आणि त्याचे पुढे काय झाले हे पाहिल्याखेरीज ती चर्चा पुढे सरकत नाही. नेपाळ वातावरण पत्रकार समूह (नेपाळीत ‘वातावरण’ म्हणजे पर्यावरण) ही १९८६ मध्ये काठमांडूत स्थापन झालेली संघटना त्यासाठी उपयुक्त उदाहरण आहे, कारण तिने दोन वेगवेगळ्या प्रकारची वकिली केली. एकीकडे तिने हवेच्या प्रदूषणासारख्या ठरावीक प्रश्नांवर ठरावीक मागण्या लावून धरल्या. दुसरीकडे तिने नागरिकांना स्वतंत्र नभोवाणी केंद्र चालवता यावे यासाठी सरकारशी पाच वर्षे झुंज दिली. माझ्या मते यांतील दुसरे काम अधिक टिकाऊ ठरले, आणि पत्रकार म्हणून त्याचे समर्थन करणेही अधिक सोपे आहे. पहिले काम निष्फळ ठरले असे मात्र नव्हे.

संघटना जन्मली तो काळ

१९८६ मध्ये नेपाळात पंचायत राजवट, म्हणजे राजाच्या हाती सत्ता असलेली पक्षविरहित व्यवस्था होती. राजकीय पक्षांवर १९६० पासून बंदी होती आणि वृत्तपत्रांना राजसंस्थेच्या मर्यादेत राहूनच लिहावे लागे. त्याच सुमारास हिमालयातील जंगलतोड, डोंगरउतारांवरील मातीची धूप आणि वाढती लोकसंख्या यांविषयी जगभर चिंता व्यक्त होत होती, आणि या विषयांवर परदेशी मदतीचे प्रकल्प नेपाळात येत होते. पर्यावरण हा त्यामुळे राजदरबारालाही मान्य असलेला, प्रतिष्ठित विषय झाला होता. जंगल कोणी तोडले, परवाना कोणी दिला, नदीत सांडपाणी कोण सोडतो हे प्रश्न वरवर पाहता राजकीय नव्हते. पण त्यांची उत्तरे शोधताना कारभाराची चिकित्सा करावीच लागत असे. पक्षाचे नावही न घेता सत्तेला प्रश्न विचारण्याची जी थोडी जागा त्या काळी उपलब्ध होती, तिच्यात पर्यावरण मोडत होते, आणि पर्यावरण पत्रकारांची संघटना राजकीय पत्रकारितेच्या आधाराने पण तिच्या बाहेर उभी राहण्यामागे हे एक कारण असावे, असा माझा अंदाज आहे.

१९९० च्या जनआंदोलनानंतर बहुपक्षीय लोकशाही परत आली. त्या वर्षीच्या संविधानाने विचार आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मान्य केले, मुद्रण व प्रकाशनाला संरक्षण दिले आणि सार्वजनिक महत्त्वाच्या बाबींची माहिती मागण्याचा अधिकार कलम १६ मध्ये स्वतंत्रपणे नोंदवला. हा अधिकार कागदावरच राहू नये यासाठीचा पहिला मोठा संघर्ष पर्यावरणाच्याच एका प्रश्नावर झाला. अरुण नदीवरील ‘अरुण ३’ या प्रस्तावित जलविद्युत प्रकल्पाची कागदपत्रे मिळावीत म्हणून दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये निकाल देताना, माहिती कशी मागावी आणि सरकारने ती कशी द्यावी याची कार्यपद्धतीच घालून दिली. पुढच्या वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पातून माघार घेतली. ही याचिका पत्रकारांच्या संघटनेची नव्हती. परंतु पर्यावरण आणि माहितीचा अधिकार हे दोन प्रश्न त्या काळात एकमेकांत किती गुंतले होते हे त्यावरून कळते.

वाचणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ

१९९१ च्या जनगणनेनुसार नेपाळातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. वृत्तपत्रे काठमांडूत छापली जात आणि डोंगराळ जिल्ह्यांत ती पोहोचेपर्यंत शिळी झालेली असत. नेपाळ टेलिव्हिजन १९८५ मध्ये सुरू झाले, पण ते पाहण्यासाठी वीज आणि संच दोन्ही हवेत. सर्वदूर पोहोचणारे माध्यम एकच होते, ते म्हणजे १९५१ पासून चालणारा सरकारी रेडिओ नेपाळ; आणि त्यावर काय बोलायचे हे सरकार ठरवत असे.

पर्यावरणाच्या बातमीदारीपुढील अडचण इथे होती. दूषित पाणी पिणारा, धुराच्या लोटात उभा राहून बसची वाट पाहणारा किंवा वनहद्दीवरून अधिकाऱ्यांशी भांडणारा माणूस बहुतेक वेळा वृत्तपत्राचा वाचक नव्हता. त्याच्याविषयी लिहिलेली बातमी त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. ती पोहोचे मंत्रालयात, दूतावासांत आणि परदेशी मदत देणाऱ्या संस्थांच्या कचेऱ्यांत. जनजागृती हा शब्द अहवालांत कितीही वेळा आला तरी प्रत्यक्षात राजधानीतील जाणकारांनी जाणकारांशी केलेला तो संवाद होता. समूहाने पत्रकारांना प्रशिक्षण दिले, प्रकाशने काढली आणि १९९० च्या दशकात नेपाळ टेलिव्हिजनवर ‘आँखीझ्याल’ हा पर्यावरणविषयक कार्यक्रम चालवला; ही कामे मोलाची होती, तरी त्यांतून मूळ दरी बुजण्यासारखी नव्हती.

या संदर्भात भरतदत्त कोइराला यांचे नाव घ्यायला हवे. नेपाळातील पत्रकारितेच्या प्रशिक्षणाची घडी बसवणाऱ्या, खेड्यांत भिंतीवरच्या वृत्तपत्रांचा प्रयोग पुढे नेणाऱ्या आणि स्वतंत्र रेडिओचा आग्रह धरणाऱ्या या ज्येष्ठ पत्रकाराला २००२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माध्यम कोणाच्या हातात आहे यावर विषयाचे भवितव्य अवलंबून असते, ही जाण त्यांच्या पिढीतील मोजक्या लोकांना होती.

पाच वर्षांचा परवाना

१९९२ मध्ये सरकारने नवे संचार धोरण जाहीर केले आणि १९९३ च्या राष्ट्रीय प्रसारण कायद्याने बिगरसरकारी प्रसारणाला तत्त्वतः दार उघडले. समूहाने १९९२ मध्येच परवान्यासाठी अर्ज केला होता. युनेस्कोने तांत्रिक साहाय्य आणि उपकरणे देऊ केली. हिमाल असोसिएशन, वर्ल्डव्ह्यू नेपाळ आणि नेपाळ प्रेस इन्स्टिट्यूट या तीन संस्था सोबत आल्या. कायदा होता, साधने होती, चालवणारी माणसे होती. नव्हता तो फक्त परवाना.

या काळात काठमांडूत सरकारे एकामागून एक बदलत राहिली आणि प्रत्येक नव्या मंत्र्यापुढे तोच विषय पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला. नभोवाणी म्हणजे राज्यसंस्थेचा आवाज, तो इतर कोणाच्या हाती देणे धोक्याचे, ही धारणा राजवट बदलली तरी बदलली नव्हती. गंमत अशी की नोव्हेंबर १९९५ मध्ये रेडिओ नेपाळनेच काठमांडूत एफएम प्रसारण सुरू केले आणि त्यावरील वेळ खासगी कंपन्यांना भाड्याने दिला. गाणी, गप्पा आणि जाहिराती यांना रेडिओलहरी खुल्या झाल्या. हवा, पाणी आणि कचरा यांविषयी बोलू इच्छिणाऱ्यांना मात्र आणखी दीड वर्ष थांबावे लागले. सरकारला भीती खासगी भांडवलाची नव्हती, ती नियंत्रणाबाहेरच्या माहितीची होती, एवढे यावरून म्हणता येईल.

अखेर मे १९९७ मध्ये परवाना मिळाला आणि १०२.४ मेगाहर्ट्झवर रेडिओ सगरमाथा सुरू झाला. दक्षिण आशियातील पहिले स्वतंत्र सामुदायिक रेडिओ केंद्र म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. सुरुवातीला प्रसारण दिवसातून दोनच तास होते आणि परवान्यासोबत अटींची यादी होती. बातम्या देण्यास मनाई ही त्यातली मुख्य. भारतातील परिस्थितीशी तुलना केली तर या घटनेचे महत्त्व लक्षात येते. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले होते, तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा देणारे धोरण येण्यास २००६ उजाडले.

हे श्रेय पत्रकारांच्या संघटनेला मिळाले, एखाद्या वृत्तपत्रसमूहाला किंवा पक्षाला नाही, यालाही कारण आहे. वृत्तपत्राने परवाना मागितला असता तर तो धंदा ठरला असता, पक्षाने मागितला असता तर प्रचार. पर्यावरण पत्रकारांच्या संघटनेकडे व्यावसायिक कौशल्य होते, नफ्याचा हेतू नव्हता आणि विषय वरकरणी निरुपद्रवी होता. शिवाय एकटा पत्रकार किंवा एकटे दैनिक पाच वर्षे एकाच अर्जाच्या मागे राहू शकत नाही. संपादक बदलतो, मालकाचे हितसंबंध बदलतात, बातमी जुनी होते. संघटनेचे कार्यकारी मंडळ बदलले तरी अर्ज तोच राहतो. पत्रकारांच्या संघटनांची खरी ताकद मला या चिकाटीत दिसते; मोर्चे आणि निवेदने यांत ती तितकी नसते.

विक्रम टेंपोचे प्रकरण

आता समूहाच्या पहिल्या प्रकारच्या वकिलीकडे वळू. काठमांडूचे खोरे वाडग्यासारखे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या या सपाटीभोवती डोंगरांची कड आहे, आणि हिवाळ्यात थंड हवा तळाशी साचून तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. धूर वर जात नाही, बाजूलाही सरकत नाही. १९९० च्या दशकात या वाडग्यात वाहनांचा धूर, हिवाळ्यात पेटणाऱ्या वीटभट्ट्यांचा धूर, चोभार येथील हिमाल सिमेंट कारखान्याची धूळ आणि कच्च्या रस्त्यांची माती एकत्र मिसळत होती.

यांतले सर्वांत ठळक, सर्वांच्या नजरेत भरणारे साधन होते डिझेलवर चालणारा तीनचाकी विक्रम टेंपो. उत्तर भारतातील शहरांत ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना लखनौच्या स्कूटर्स इंडिया कंपनीचे हे वाहन नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी, चढउताराचे रस्ते, दर काही मीटरवर थांबा आणि देखभालीचा अभाव यांमुळे त्याच्या नळीतून निघणारा काळा धूर पादचाऱ्याच्या नाकातोंडात जाई. बातमीदाराला याहून सोयीचा विषय मिळणे कठीण. छायाचित्र सहज मिळे, गुन्हेगार दिसे, पीडित दिसे, आणि पर्यायही समोर होता : १९९३ मध्ये अमेरिकी साहाय्याने विक्रमच्याच सांगाड्यात विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवण्याचा प्रयोग झाला होता आणि त्यातून ‘सफा टेंपो’ जन्माला आला होता. जलविद्युत देशातली, डिझेल आयातीचे. त्यामुळे युक्तिवाद आर्थिक दृष्टीनेही भक्कम होता.

समूहाने आणि त्याच्या सदस्यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला, नागरिकांच्या गटांनी आणि संस्थांनी त्याला साथ दिली, आणि १९९९ मध्ये सरकारने काठमांडू खोऱ्यातून डिझेल विक्रम टेंपो हटवले. पुढच्या काळात रस्त्यावर सहाशेहून अधिक सफा टेंपो धावू लागले आणि त्यांतील अनेक स्त्रिया चालवू लागल्या, ही गोष्ट नेपाळबाहेरही कौतुकाने सांगितली गेली. हिमाल सिमेंटचा कारखानाही २००२ मध्ये बंद झाला.

यश म्हणून याची नोंद करावीच लागेल. पण प्रकरण अभ्यासात इथेच थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. हटवलेले विक्रम भंगारात गेले नाहीत; ते खोऱ्याबाहेरच्या रस्त्यांवर गेले, जिथे राजधानीतल्या कॅमेऱ्यांची संख्या कमी होती. ज्यांचे टेंपो गेले त्या मालकांना नवी प्रवासी वाहने आणण्यासाठी सीमाशुल्कात मोठी सवलत मिळाली आणि मायक्रोबसची नवी फळी उभी राहिली. विजेच्या टेंपोला अपेक्षित असलेली मोकळी बाजारपेठ त्यांनी व्यापली. स्वस्त रॉकेल इंधनात मिसळण्याचा धंदा, ज्याने कोणत्याही इंजिनाचा धूर वाढतो, तसाच चालू राहिला. काठमांडू ते भक्तपूर धावणारी, चीनच्या मदतीने १९७५ मध्ये सुरू झालेली विजेची ट्रॉलीबस सेवा २००१ मध्ये बंद पडली. ती पुढे काही काळ अंशतः चालली आणि नंतर कायमची थांबली. स्वच्छ वाहतुकीचा सर्वांत जुना आणि सार्वजनिक मालकीचा नमुना डोळ्यांदेखत मोडत असताना त्याला विक्रम टेंपोइतकी प्रसिद्धी मिळाली नाही. कुजत चाललेल्या व्यवस्थापनाला काळा धूर नसतो, त्यामुळे त्याचे छायाचित्र निघत नाही.

ठरावीक मागणीची वकिली करताना पत्रकारांच्या संघटनेपुढे येणारी अडचण या तपशिलांत दिसते. मागणी जितकी नेमकी, तितके तिच्यात हितसंबंध शिरतात. ‘डिझेल टेंपो हटवा’ या मागणीमागे श्वास कोंडलेला नागरिक होता, तसाच विजेचे टेंपो बनवणारा उद्योजकही होता, प्रकल्पाला यश दाखवू इच्छिणारी दातासंस्थाही होती. पत्रकाराने कोणाच्याही खिशातून काही घेतलेले नसले, तरी आपण सुचवलेल्या उपायावर उलटतपासणी करण्याची त्याची इच्छा नकळत बोथट होते. सफा टेंपोच्या जुन्या बॅटऱ्यांतील शिशाचे काय होते, बंदीनंतर हवेत प्रत्यक्ष किती फरक पडला, हटवलेली वाहने कोठे गेली हे प्रश्न बंदीच्या मागणीइतक्याच जोराने विचारले जायला हवे होते. आणि ते विचारण्याचे काम ज्यांचे, तेच मोहिमेत सामील होते.

अमेरिकेतील पर्यावरण पत्रकारांच्या १९९० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने या पेचावर वेगळा तोडगा काढला. ती पर्यावरणाच्या कोणत्याही प्रश्नावर बाजू घेत नाही आणि त्या क्षेत्रात जनसंपर्काचे किंवा दबावगटाचे पगारी काम करणाऱ्यांना सदस्यत्व देत नाही. मात्र सरकारी माहिती खुली असावी, वार्ताहरांना घटनास्थळी जाऊ द्यावे, यासाठी ती उघडपणे भांडते. तिथल्या परिस्थितीत हे शहाणपणाचे आहे. पण तिथे पर्यावरणवादी संघटना, वकील, विद्यापीठे यांची दाट फळी आधीच उभी होती, म्हणून पत्रकारांना बाजूला उभे राहणे परवडले. १९९० च्या दशकातील काठमांडूत मोहीम चालवू शकणारे हात मोजकेच होते. नेपाळी पत्रकारांनी ती मर्यादा ओलांडली याबद्दल त्यांना दोष देताना हा फरक विसरता कामा नये.

बातमीवरची बंदी आणि न्यायालय

रेडिओ सगरमाथाकडे परत येऊ. बातम्यांना मनाई असल्यामुळे केंद्राने चर्चा, मुलाखती, माहितीपर कार्यक्रम आणि श्रोत्यांचे प्रश्न या मार्गांनी सार्वजनिक विषय हाताळले. नदीतल्या कचऱ्याविषयीची मुलाखत ही बातमी की माहिती, याचे उत्तर कोणत्याही नियमात नव्हते आणि त्या अनिश्चिततेतच केंद्राने आपली जागा वाढवली. २००० मध्ये मदनपोखरा आणि लुम्बिनी येथे राजधानीबाहेरची सामुदायिक केंद्रे सुरू झाली. पुढे ही संख्या शेकड्यांत गेली.

जानेवारी २००१ मध्ये सरकारने एफएम केंद्रांनी स्वतःच्या बातम्या देऊ नयेत असा आदेश काढला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि जुलै २००१ मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतल्यावर एफएमवरील बातम्यांवर पुन्हा बंदी आली आणि केंद्रांनी फक्त मनोरंजन करावे असे सांगण्यात आले. शेकडो रेडिओ पत्रकारांचे काम गेले. २७ नोव्हेंबर २००५ च्या संध्याकाळी, बीबीसी नेपाळी सेवेवरील माओवादी नेते प्रचंड यांच्या मुलाखतीच्या प्रसारणावरून, पोलिसांनी रेडिओ सगरमाथावर छापा घातला, उपकरणे जप्त केली आणि पाच कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर केंद्र लवकरच पुन्हा सुरू झाले. एप्रिल २००६ च्या दुसऱ्या जनआंदोलनाने राजाची थेट सत्ता संपली, आणि २००७ च्या अंतरिम संविधानाने मुद्रणासोबत प्रसारणालाही स्पष्ट संरक्षण दिले. त्याच संविधानाच्या कलम १६ ने स्वच्छ पर्यावरणात जगण्याचा हक्कही प्रथमच नोंदवला.

पर्यावरणासाठी उभ्या राहिलेल्या रेडिओवरचा सर्वांत गाजलेला प्रसंग पर्यावरणाशी संबंधित नव्हता, तो एका बंडखोर नेत्याच्या मुलाखतीचा होता. यावरून कोणी म्हणेल की संघटना मूळ विषयापासून भरकटली. मला तसे वाटत नाही. माओवाद्यांच्या सशस्त्र संघर्षाच्या त्या वर्षांत जंगले, राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण वनसमित्या थेट संघर्षाच्या रेषेवर होत्या. बातमी देण्याचे स्वातंत्र्य नसताना त्यांच्याविषयी काय प्रसारित झाले असते? मात्र एक किंमत नक्की मोजावी लागली. परवान्याची, कर्मचाऱ्यांची आणि न्यायालयीन लढ्यांची जबाबदारी सांभाळताना सदस्यसंघटनेची बरीच शक्ती एका संस्थेच्या संचालनात खर्ची पडली, आणि हवा, पाणी, कचरा यांचा रोजचा पाठपुरावा राजकारणाच्या गदारोळात मागे पडला.

निकाल लागतो, खाण चालू राहते

गोदावरीच्या संगमरवर खाणीचे उदाहरण थोडक्यात नोंदवतो, कारण काळाचा अंदाज त्यावरून येतो. ललितपूर जिल्ह्यात फुलचोकी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या खाणीविरुद्धच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. स्वच्छ पर्यावरण हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले होते आणि नागरिकांच्या संस्थेला अशी दाद मागण्याचा अधिकार मान्य झाला होता. सरकारला पर्यावरणाच्या रक्षणासाठी कायदा करण्याचे निर्देश मिळाले आणि पाठोपाठ पर्यावरण संरक्षण कायदाही आला. खाण मात्र चालू राहिली. ती बंद करण्याचा आदेश न्यायालयाने दिला तो एप्रिल २०१५ मध्ये. मधल्या वीस वर्षांत किती मंत्री आणि संपादक बदलले असतील! विषय स्मरणात ठेवणारी यंत्रणा नसेल तर १९९५ ची मथळ्याची बातमी २०१५ पर्यंत तग धरत नाही, आणि इथे पुन्हा संघटनेच्या चिकाटीचा मुद्दा येतो.

उसने मोजमाप

या प्रकरणातली मला सर्वांत कच्ची वाटणारी बाजू पैशाची आणि आकड्यांची आहे. समूहाची उपकरणे, प्रशिक्षणे आणि अनेक कार्यक्रम परदेशी मदतीवर उभे राहिले. मदत घेणे गैर नव्हते. जाहिरातींना वाव नसलेल्या केंद्राला दुसरा मार्गही नव्हता. परंतु दातासंस्थांचे प्राधान्यक्रम दर काही वर्षांनी बदलतात. कधी जैवविविधता, कधी हवामानबदल, कधी आपत्ती व्यवस्थापन असे विषय पुढे येतात आणि संघटनेच्या कार्यक्रमांची शीर्षकेही त्यांच्यामागे फिरू लागतात. श्रोत्याच्या गल्लीतला कचरा मात्र कोणत्याही प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेला नसतो.

हेच मोजमापाचे झाले. २००२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने काठमांडू खोऱ्यात सहा ठिकाणी धूलिकण मोजणारी केंद्रे सुरू झाली आणि हवेचे आकडे लोकांसमोर नियमितपणे येऊ लागले. तोपर्यंत ‘धूर वाढला’ एवढेच म्हणता येत होते. आता वीटभट्ट्यांच्या हंगामात आकडा किती चढतो हे सांगता येऊ लागले, आणि पत्रकारितेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. प्रकल्पाची मुदत संपली आणि देखभालीअभावी ही व्यवस्था काही वर्षांत ढासळली. सरकारने पुढच्या दशकात नवी केंद्रे उभारली. २०१७ पासून काठमांडूतील अमेरिकी दूतावासाच्या यंत्रांचे आकडेही उपलब्ध झाले आणि वार्ताहर सर्रास त्यांचा आधार घेऊ लागले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने जगभरातील दूतावासांचे हे आकडे प्रसिद्ध करणे थांबवले.

मधल्या काळात प्रश्नाचे स्वरूपही बदलले आहे. मार्च २०२१ च्या अखेरीस वणव्यांच्या धुराने हवा इतकी बिघडली की नेपाळ सरकारने चार दिवस शाळा बंद ठेवल्या. विक्रम टेंपोसारखा एक दोषी दाखवण्याची सोय आता उरलेली नाही : वणवे, शेतातले जाळणे, वीटभट्ट्या, वाहने आणि सीमेपलीकडून येणारा धूर यांतील कोणाचा वाटा किती हे सतत मोजल्याशिवाय सांगता येत नाही. रेडिओच्या परवान्यासाठी समूहाने जी पाच वर्षे घालवली, तसाच पाठपुरावा हवेच्या मोजमापासाठी अर्थसंकल्पात कायमची तरतूद व्हावी आणि त्याचे आकडे दर तासाला, कच्च्या स्वरूपात, सर्वांना मिळावेत यासाठी करता येण्यासारखा आहे. ही मागणी कोणत्याही वाहनाच्या, इंधनाच्या किंवा उद्योगाच्या बाजूची नाही. ती मांडणाऱ्या वार्ताहराला, त्या आकड्यांनी आपल्याच जुन्या मोहिमेचा दावा खोटा ठरवला, तरी दुसऱ्या दिवशी ती बातमी देता येईल.